हरळीची ॲलर्जी आणि टिमथीची कुपी

पावसाळा ओसरला की कोल्हापुरातल्या दवाखान्यांत एका ठरावीक तक्रारीची गर्दी सुरू होते. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, वाहतं नाक, चोळून चोळून लाल झालेले डोळे, रात्री छातीत सूं सूं आवाज. घरातली मोठी माणसं "हवा बदलली की असं होतंच" म्हणतात आणि बहुतेक जण गोळी घेऊन कामाला लागतात. ज्यांचं गोळीवर भागत नाही आणि ज्यांच्या खिशाला झेपतं, ते ॲलर्जीची तपासणी करून घेतात. मग हातात एक लांबलचक यादी पडते. धूळ, झुरळ, तीन-चार गवतं, दोन-तीन बुरशी, वांगं, शेंगदाणा, हरभरा डाळ, कोळंबी, सगळ्यांपुढे अधिकचं चिन्ह. यादी घेऊन घरी आलेली आई पहिल्यांदा स्वयंपाकघरातला शेंगदाण्याच्या कुटाचा डबा बाजूला काढते.

मला या यादीविषयी बोलायचं आहे. ती खोटी असते असं नाही, पण ती अर्धवट असते, आणि अर्धवट माहितीवर आपण मुलांचं खाणं तोडतो, तीन-तीन वर्षं त्याच पदार्थांच्या अर्काची इंजेक्शनं देतो. यावरचा शास्त्रशुद्ध उपाय जगाला गेली तीस-पस्तीस वर्षं ठाऊक आहे. ॲलर्जी घडवणारं नेमकं प्रथिन शोधायचं, त्याचं जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून ते प्रथिन शुद्ध स्वरूपात तयार करायचं आणि त्यानंच तपासणी करायची. याला रिकॉम्बिनंट ॲलर्जन म्हणतात. हे साधन आपल्या सरकारी रुग्णालयापर्यंत आलं पाहिजे, आणि ते आपल्याच भागातल्या गवतांवरून, धुळीतल्या माइट या अतिसूक्ष्म जिवांवरून, बुरशीवरून घडवलेलं असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. यातली दुसरी गोष्ट झाली नाही तर पहिलीचा उपयोग निम्मासुद्धा राहणार नाही. तो का, ते पुढे सांगतो.

आधी आजची तपासणी कशी होते ते जवळून पाहू. कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा करतात. प्रत्येक खुणेपाशी एका कुपीतला एकेक थेंब ठेवतात आणि बारीक लॅन्सेटनं त्या थेंबातूनच कातडीला टोचतात. रक्त येऊ द्यायचं नसतं. एका खुणेवर हिस्टामीन असतं, तिथे गांध उठलीच पाहिजे. एका खुणेवर नुसतं सलाइन, तिथे काही उठता कामा नये. पंधरा-वीस मिनिटं हात खाजवायचा नाही. मग पट्टी लावून मोजतात. सलाइनपेक्षा तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगवटा असला की त्या पदार्थापुढे अधिकचं चिन्ह. पद्धत साधी, स्वस्त आणि चांगली आहे, अनुभवी डॉक्टरच्या हातात ती फार कामाची ठरते. प्रश्न थेंबात काय आहे याचा आहे.

थेंबात असतो अर्क. परागकण, वाळवलेले माइट किंवा झुरळाची पूड द्रावणात भिजवायची, गाळायची आणि कुपीत भरायची. त्यात ॲलर्जी घडवणारी प्रथिनं असतात, न घडवणारी असतात, आणि इतरही बरंच काही उतरलेलं असतं. आपल्याकडच्या कुपीवर पुष्कळदा एकास दहा किंवा एकास पन्नास असं प्रमाण लिहिलेलं असतं. म्हणजे इतक्या द्रवात इतकी पूड, एवढंच त्यातून कळतं. त्या पुडीत मुख्य ॲलर्जन किती होतं, ते त्यावरून कळत नाही. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या परागात फरक पडतो, साठवणीत प्रथिन मोडत जातं, माइटला खायला काय घातलं होतं यावरही अर्क बदलतो. युरोपात वेगवेगळ्या उत्पादकांचे माइटचे अर्क एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा मुख्य प्रथिनांचं प्रमाण कित्येक पटींनी वेगळं निघालं आणि काही प्रथिनं तर काही अर्कांत सापडलीच नाहीत. ज्या रुग्णाची ॲलर्जी त्या हरवलेल्या प्रथिनाशी आहे, त्याची तपासणी कोरी येणार. त्याच अर्काची इंजेक्शनं घेतली तरी त्याला गुण येण्याची आशा कमी.

ही पद्धत जुनी आहे. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून यांनी टिमथी नावाच्या गवताच्या परागाचा अर्क परागज्वराच्या, म्हणजे परागामुळे होणाऱ्या शिंका-सर्दीच्या, रुग्णांना थोडा थोडा टोचला आणि त्यांची सहनशक्ती वाढते हे दाखवलं. इंजेक्शनांच्या उपचाराची सुरुवात तिथून झाली. त्यानंतर आपल्याला ॲलर्जी घडवणारं आयजीई हे प्रतिपिंड कळलं, साठच्या दशकात इशिझाका दाम्पत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन-बेनिक यांनी ते ओळखलं. ॲलर्जी कशी घडते ते पेशींच्या पातळीवर कळलं. तरी बहुतेक ठिकाणी कुपीतला माल नून यांच्या काळातल्यासारखाच राहिला, पूड भिजवून गाळलेला.

दुसरी वाट १९८० च्या दशकाअखेर उघडली. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी घरातल्या धुळीतल्या माइटच्या मुख्य प्रथिनाचं, डेर पी १ चं, जनुक वेगळं केलं. पाठोपाठ १९८९ मध्ये व्हिएन्नात बर्च झाडाच्या परागातल्या बेट व्ही १ चं जनुक मिळालं. नावं अशी का, तेही सांगतो: वंशाच्या लॅटिन नावाची पहिली अक्षरं, मग जातीचं आद्याक्षर, मग क्रमांक. जागतिक आरोग्य संघटना आणि रोगप्रतिकारशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या समितीकडे अशा हजाराहून जास्त ॲलर्जनांची नोंद आहे. एकदा जनुक हाती आलं की इ. कोलाय जिवाणूला किंवा यीस्टला ते देऊन हवं तेवढं प्रथिन मिळवता येतं. ते दर वेळी सारखंच असतं, मायक्रोग्रॅममध्ये मोजता येतं आणि त्यात दुसरं काही मिसळलेलं नसतं. १९८२ पासून मधुमेही माणसं याच तंत्रानं बनलेलं इन्सुलिन घेतात. आपल्या मुलांना बाळपणी दिली जाणारी हिपॅटायटिस बी ची लसही अशीच यीस्टमध्ये तयार होते.

निदानात याचा फायदा काय, ते शेंगदाण्यावरून नीट समजतं. शेंगदाण्यात ॲलर्जी घडवू शकणारी अनेक प्रथिनं आहेत. आरा एच २ हे त्यातलं साठवणीचं प्रथिन. शिजवलं, भाजलं तरी ते टिकतं, पोटातल्या आम्लालाही पुरून उरतं. त्याच्याविरुद्ध आयजीई असेल तर गंभीर झटक्याचा धोका खरा असतो. पण शेंगदाण्यात प्रोफिलिन नावाचं प्रथिनही असतं, आणि प्रोफिलिन जवळजवळ प्रत्येक वनस्पतीत असतं, गवताच्या परागातही. गवताच्या परागाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या रक्तात प्रोफिलिनविरुद्ध आयजीई असेल तर शेंगदाण्याच्या अर्काची तपासणीही अधिक येते. ते मूल लहानपणापासून चिक्की, कूट घातलेली भाजी, शेंगदाण्याची आमटी खात आलेलं असतं आणि त्याला कधी काही झालेलं नसतं. तरी यादीत अधिकचं चिन्ह दिसतं आणि घरात शेंगदाणा बंद होतो. आपल्याकडच्या साध्या घरात शेंगदाणा आणि डाळी हाच प्रथिनांचा मोठा आधार आहे. तो कारणाशिवाय काढून घेणं हे मुलावर अन्यायकारक आहे. आरा एच २ आणि प्रोफिलिन वेगवेगळं तपासलं तर डॉक्टर बऱ्याच खात्रीनं सांगू शकतात की हे मूल शेंगदाणे खाऊ शकतं, किंवा उलट, की याच्यापासून कणभरसुद्धा लांब ठेवा. दोन्ही उत्तरं तितकीच मोलाची आहेत.

कोळंबीचंही तसंच. माइट, झुरळ आणि कोळंबी यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन हे जवळपास सारखं प्रथिन असतं. धुळीच्या ॲलर्जीवाल्याची कोळंबी अधिक येण्याचं ते एक कारण आहे. एकेक प्रथिन तपासलं तर खरी कोळंबीची ॲलर्जी कुणाला आहे ते ठरवणं सोपं जातं.

माशीच्या दंशाचं उदाहरण तर मला सगळ्यांत पटणारं वाटतं. राधानगरी, गगनबावडा, आजरा भागात आग्या मोहोळ उठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. उसाच्या फडात, गोठ्यात, झाडाखाली गांधीलमाशी चावणं तर नित्याचं. बहुतेकांना सूज येते आणि उतरते. पण एखाद्याला दंशानंतर काही मिनिटांत अंगभर पित्त उठतं, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. वाचलेल्या माणसाला पुढच्या दंशाआधी विषाची इंजेक्शनं देऊन संरक्षण देता येतं, पण मधमाशीच्या विषाची द्यायची की गांधीलमाशीच्या, हे आधी कळायला हवं. चावली ती कोणती होती, हे घाबरलेल्या माणसाला सांगता येईलच असं नाही. रक्त तपासलं तर पुष्कळदा दोन्ही अधिक येतात, कारण दोन्ही विषांतल्या प्रथिनांवर सारख्या शर्करा-साखळ्या असतात आणि त्यांनाच आयजीई चिकटतं. या साखळ्यांचा प्रत्यक्ष आजाराशी बहुधा संबंध नसतो. इ. कोलायमध्ये तयार केलेल्या प्रथिनावर त्या साखळ्या नसतातच. म्हणून मधमाशीचं एपी एम १ आणि गांधीलमाशीचं व्हेस व्ही ५ वेगळं तपासलं की गुन्हेगार कोण ते पुष्कळदा उघड होतं. वर्षानुवर्षं चालणारा उपचार चुकीच्या विषाचा दिला जाणं टळतं.

आणि आपल्या शहराला लागू पडणारा आणखी एक प्रकार. समजा, एखादा तरुण मल्ल पोटभर चपात्या खाऊन तालमीत उतरतो आणि जोर-बैठका चालू असताना त्याच्या अंगावर गांधी उठून तो कोसळतो. आराम करताना त्याच चपात्या खाल्ल्या तर काहीच होत नाही. गव्हाची नेहमीची तपासणी कोरी येऊ शकते. गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायडिन या प्रथिनाची ॲलर्जी आणि व्यायाम एकत्र आले की असा झटका येतो, आणि ते प्रथिन पाण्यात नीट विरघळत नसल्यानं साध्या अर्कात ते पुरेसं उतरत नाही. त्याची रिकॉम्बिनंट तपासणी उपलब्ध आहे. गावोगावी तालमी असलेल्या जिल्ह्यात प्रत्येक वस्तादाला आणि प्रत्येक कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला हा आजार ठाऊक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता गवताकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. युरोपात परागज्वराला मुख्यतः टिमथी आणि तिच्या जवळच्या नात्यातली गवतं कारणीभूत असतात. ती थंड हवेतली गवतं. त्यांच्या परागात गट १ आणि गट ५ ही दोन मुख्य ॲलर्जनं असतात. कोल्हापूरच्या आसपास काय उगवतं? बांधावर, मैदानावर, अंगणात हरळी, जिच्या दूर्वा आपण गणपतीला वाहतो. शेतात ऊस, ज्वारी, मका. ही सगळी गवताच्याच कुळातली, पण उष्ण प्रदेशातल्या शाखांतली, आणि यांच्या परागात गट ५ ची प्रथिनं नसतातच. गट १ असतं, पण हरळीचं सिन डी १ आणि टिमथीचं फ्ल पी १ एकसारखं नाही. थोडं जुळतं, थोडं जुळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात, जिथे हवा आपल्यासारखी उष्ण आहे, तिथल्या संशोधकांनी याकडे लक्ष वेधलं आहे. तिथल्या रुग्णांची ॲलर्जी मूळात उष्ण प्रदेशातल्या गवतांशी असते आणि टिमथीवर बेतलेल्या तपासण्या-उपचार त्यांना पुरेसे पडत नाहीत.

यावरून एक गोष्ट पाहा. ११२ घटकांची आयसॅक नावाची चिप जगभर वापरली गेली. रक्ताच्या थोड्याशा थेंबांत इतकी प्रथिनं एकदम तपासणारं ते खरोखर देखणं साधन आहे. पण तिच्यावर टिमथीची आठ प्रथिनं आहेत आणि हरळीचं एक, तेही थेट परागातून काढलेलं. ऊस नाही, ज्वारी नाही. काँग्रेस गवत नाही. हरळीच्या परागानं त्रासलेल्या कागलच्या शेतकऱ्याचं रक्त त्या चिपवर घातलं आणि टिमथीचं गट ५ चं प्रथिन, फ्ल पी ५, कोरं आलं, तर "गवताची ॲलर्जी फारशी नाही" असा निष्कर्ष निघण्याचा धोका आहे. ज्यांनी चिप बनवली त्यांचा यात दोष नाही, त्यांनी आपल्या रुग्णांसाठी बनवली. आपल्या रुग्णांसाठी आपण काय बनवलं, हे आपल्यालाच विचारलं पाहिजे.

काँग्रेस गवताचा उल्लेख आला म्हणून एक खुलासा करतो, कारण त्यात नेहमी गोंधळ होतो. हे गवत, गाजरगवत, पन्नासच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि पाहता पाहता देशभर पसरलं. त्याचे त्रास दोन, आणि दोन्हींची यंत्रणा वेगळी. ते उपटणाऱ्याच्या हाताला, मानेला, चेहऱ्याला जो जुनाट इसब होतो तो पार्थेनिन या रसायनामुळे. तो आयजीईचा खेळ नाही, रिकॉम्बिनंट प्रथिनानं त्याचं निदान होणार नाही, त्यासाठी पाठीवर पट्टी चिकटवून करायची पॅच तपासणीच लागते. परागामुळे होणारी सर्दी आणि दमा मात्र आयजीईचा, आणि त्यासाठी पार एच १ सारखी प्रथिनं शुद्ध करून हाताशी ठेवता येतात.

तीच काळजी कारखान्यांच्या बाबतीत घ्यायला हवी. साखर कारखान्यात भिजून बुरशीलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, धूळ छातीत जाऊन होणारा बगॅसोसिस किंवा इचलकरंजीच्या सुताच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस या आयजीईच्या ॲलर्जी नाहीत. तिथे हवेशीर जागा, मास्क, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि कामगाराच्या फुप्फुसाची नियमित तपासणी हाच उपाय. नव्या तंत्राच्या उत्साहात सगळ्याच खोकल्याला ॲलर्जी म्हणू लागलो तर कामगारांचं नुकसान होईल.

बुरशीचं मात्र वेगळं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगेकाठच्या घरांच्या भिंती किती दिवस ओल्या होत्या ते इथल्या लोकांना सांगायला नको. गिलाव्याच्या पोपड्यांखाली काळे-हिरवे ठिपके, कपाटात कुबट वास, गाद्या वाळवूनही न जाणारा दमटपणा. दमट घर ही माइटचीही आवडती जागा. इथे आल्टरनारिया बुरशीचं आल्ट ए १ आणि माइटच्या प्रथिनांचे संच कामी येतील. माइटमध्येही उष्ण प्रदेशात ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस ही जात महत्त्वाची असते आणि तिचं ब्लो टी ५ हे प्रथिन युरोपातल्या नेहमीच्या माइटच्या प्रथिनांशी फारसं जुळत नाही. यादीत नुसतं "धूळ" लिहिण्यानं यातलं काहीच कळत नाही.

उपचाराचा भाग मी जरा थोडक्यात आणि जपून लिहितो, कारण तिथे अजून पुष्कळ काम बाकी आहे. २००५ मध्ये टिमथीच्या पाच रिकॉम्बिनंट प्रथिनांचं मिश्रण टोचून परागज्वराची लक्षणं कमी होतात हे दाखवलं गेलं. २००८ मध्ये बर्चच्या एकट्या बेट व्ही १ चं इंजेक्शन संपूर्ण अर्काइतकंच गुणकारी ठरलं. व्हिएन्नातल्या रुडॉल्फ व्हालेंटा यांच्या गटानं पुढची पायरी गाठली. प्रथिनाची घडी अशी मोडायची की आयजीई त्याला चिकटणार नाही, म्हणजे इंजेक्शनानंतरच्या झटक्याची भीती कमी, आणि ते तुकडे हिपॅटायटिस बी विषाणूच्या एका प्रथिनाला जोडायचे, म्हणजे शरीर संरक्षक प्रतिपिंडं बनवेल. गवतावरची त्यांची अशी लस माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली. दुसऱ्या बाजूला मांजराच्या ॲलर्जीवरची कृत्रिम पेप्टाइडांची, म्हणजे प्रथिनाच्या लहान तुकड्यांची, लस २०१६ मध्ये मोठ्या चाचणीत फसली. तिथे नकली औषध घेतलेल्यांनाही तितकंच बरं वाटलं होतं. रिकॉम्बिनंट ॲलर्जनाची इंजेक्शनं आज रोजच्या वापरात नाहीत, आणि येत्या दोन वर्षांत येतील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

यावर एक रास्त आक्षेप ॲलर्जीच्या जाणत्या डॉक्टरांकडून येतो: शुद्ध प्रथिन अर्काइतकंच चालतं, जास्त नाही, मग एवढा खटाटोप कशाला? माझं उत्तर असं की बरोबरी सिद्ध झालेला पण दर वेळी सारखाच असणारा, मोजून देता येणारा माल हाच आपल्यासारख्या ठिकाणी मोठा फायदा आहे. चांगला, प्रमाणित अर्क मिळवणं जिथे कठीण, तिथे प्रमाणित प्रथिनाची किंमत जास्त. दुसरा आक्षेप असा की रुग्णाची हकिकत नीट ऐकली तर निम्मं निदान तिथेच होतं. हे अगदी खरं आहे आणि कोणतीही चिप त्याची जागा घेऊ शकत नाही. रक्तात आयजीई असणं म्हणजे आजार असणं नव्हे. शंभर प्रथिनांची चिप हकिकत न विचारता वापरली तर आजच्या यादीपेक्षाही लांब यादी हाती येईल. म्हणून मी चिप सरसकट सगळ्यांना करा असं म्हणत नाही. मोजक्या, हकिकतीला धरून निवडलेल्या प्रथिनांची तपासणी व्हावी असं म्हणतो.

खर्चाचा आक्षेप मात्र मला पटत नाही. रिकॉम्बिनंट तंत्र आपल्याला नवं नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये हिपॅटायटिस बी ची रिकॉम्बिनंट लस देशात बनवली आणि त्यानंतर या लसीची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस याच प्रकारच्या तंत्रानं बनवून २०२३ मध्ये बाजारात आणली. अर्काच्या कुपीवर वर्षानुवर्षं पैसे देणारा देश तपासणीपुरतं काही मिलिग्रॅम प्रथिन बनवू शकत नाही, हे मला मान्य नाही. तपासणीला लागणारं प्रथिन इतकं थोडं असतं की एका बऱ्या प्रयोगशाळेतला फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायचं भांडं, मोठ्या भागाची गरज भागवू शकेल.

मग अडतंय कुठे? माझ्या मते अडतंय ते जोडणीत. परागाचं काम वनस्पतिशास्त्राच्या विभागात, जनुकाचं जैवतंत्रज्ञानात, रुग्ण मात्र रुग्णालयात. कोल्हापूरला या तिन्ही गोष्टी एका गावात आहेत. १९६२ मध्ये स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ आहे, तिथे सह्याद्रीच्या वनस्पतींवर काम करणारी माणसं आहेत आणि जैवतंत्रज्ञान-सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. शहराच्या मध्यात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिथे सिंधुदुर्गापासून निपाणीपर्यंतचे रुग्ण येतात. यांनी एकत्र बसून पहिलं काम करावं ते हवेतल्या परागाच्या मोजणीचं. गच्चीवर एक सापळा बसवायचा, वर्षभर रोज पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाला तुरा येतो तेव्हा हवेत नेमकं काय आणि किती असतं, याचा अंदाज सगळे बांधतात. मोजलेला आकडा हाताशी असला पाहिजे. दुसरं काम रक्तद्रवाच्या साठ्याचं. खरोखर ॲलर्जी असलेल्या, हकिकत नीट नोंदवलेल्या रुग्णांच्या संमतीनं थोडंसं रक्त घेऊन गोठवून ठेवायचं. नवं प्रथिन बनलं की त्याला रुग्णाचं आयजीई चिकटतं का हे याच साठ्यावर तपासतात. हा साठा नसेल तर जगातलं उत्तम प्रथिनसुद्धा आपल्या उपयोगाचं आहे की नाही ते कळायचा मार्ग नाही. तिसरं, हरळीचं सिन डी १, ज्वारीच्या वर्गातलं सॉर एच १, काँग्रेस गवत, ब्लोमिया आणि इथली झुरळं, एवढ्यापासून सुरुवात करून संच बांधायचा. मोठ्या प्रमाणावर बनवायची वेळ आली की लसी बनवणारी मुंबईची सरकारी हाफकिन संस्था आहेच. १८९७ मध्ये प्लेगची लस मुंबईत तयार झाली ती सरकारी आश्रयानं, आणि त्या परंपरेवर आपला हक्क आहे.

याला राज्य सरकारनं पैसे द्यावेत, कारण खासगी उत्पादक हरळीसाठी एवढी खटपट करेल असं दिसत नाही. ज्यांना हा आजार आहे ते बहुतेक शेतात, गुऱ्हाळात, फाउंड्रीत, शाळेत आहेत. महागडी तपासणी विकत घेणारा ग्राहक म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. महात्मा फुले योजनेचा भर दाखल रुग्णांच्या उपचारांवर आहे. बाहेरच्या बाहेर होणाऱ्या तपासणीचा खर्च माणसाच्या खिशातून जातो. सरकारी दवाखान्यात निवडक प्रथिनांची तपासणी मोफत किंवा नाममात्र दरात झाली तर दम्याच्या मुलाच्या आईला त्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवावं लागणार नाही.

आणि एक गोष्ट तातडीची, तिला कोणतंही संशोधन लागत नाही. रक्तातल्या आयजीजी या वेगळ्याच प्रतिपिंडावरून शेकडो पदार्थांची "ॲलर्जी" सांगणारी पॅकेजं सर्रास विकली जात आहेत. आयजीजी हे आपण जे खातो त्याच्याविरुद्ध नैसर्गिकपणे बनतं. युरोपच्या ॲलर्जी अकादमीनं २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे की अन्नाविरुद्धच्या आयजीजी ४ या त्याच्या उपप्रकारावरून ॲलर्जीचं निदान करू नये. अन्न व औषध प्रशासनानं आणि वैद्यक परिषदेनं या जाहिरातींवर लगाम घालावा. ज्या घरांत या कागदामुळे दूध, गहू, डाळ, शेंगदाणे एकदम बंद झाले आहेत, तिथल्या मुलांचं वजन आणि उंची कुणीतरी पाहायला हवी. कुपीवरही ॲलर्जनाचं प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये छापणं सक्तीचं व्हावं. आज ज्यांना कुपीवरच्या एकास पन्नासवर भरवसा ठेवून इंजेक्शन टोचलं जातं, त्यांना त्यात काय आहे ते कळण्याचा अधिकार आहे.

हे सगळं उभं राहायला वर्षं लागतील. तोवर ज्यांची अर्काची इंजेक्शनं चालू आहेत आणि ज्यांना गुण येतोय, त्यांनी हा लेख वाचून ती थांबवू नयेत. नीट निवडलेल्या रुग्णात अर्कही काम करतो. प्रत्येक इंजेक्शनानंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावं आणि तिथे ॲड्रिनलिन हाताशी आहे ना हे विचारावं. दम्याचा स्टेरॉइडचा पंप "सवय लागेल" म्हणून बंद करू नये. आणि तपासणीच्या यादीतला एखादा पदार्थ मूल आजवर बिनतक्रार खात आलं असेल, तर तो बंद करण्याआधी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.